मधोमधच्या जरा अलीकडे

३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस,

फूटपट्टीचा नव्वद अंशांत वाकून नमस्कार. हे नाव तूच ठेवलं होतंस, तेव्हा आता नमस्कारही तसाच मिळणार.

फोनवर मी नुसता ‘हं, हं’ करतो अशी तुझी तक्रार, म्हणून पत्र. बातमी मोठी आहे, शिवणाचं मशीन बंद करून वाच. माझ्या हातून एक झेंडा होणार आहे.

आमच्या नागरी विमान वाहतूक खात्याला स्वतःचा झेंडा नाही, हे इतक्या वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आलं. तेही कसं, तर नव्या इमारतीसमोर तीन खांब उभे राहिले. मधल्यावर देशाचा, डावीकडे विमानतळाचा, आणि तिसऱ्यावर काय लावायचं असं ठेकेदाराने विचारलं तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मग समिती बसली. समितीत एक पायलट आहे, त्याला झेंड्यावर विमान हवं. हवामानवाला आहे, त्याला निदान एक ढग तरी हवा. आमच्या साहेबांना अध्यक्षबाईंना जे हवं असेल ते हवं. अध्यक्षबाई म्हणाल्या, “झेंडा करायचाय, प्रदर्शन भरवायचं नाही.” आणि काम माझ्या टेबलावर येऊन पडलं.

तुझ्या भावाने नोकरीभर काय काढलं ते तुला ठाऊकच आहे. वाहनतळाचे पट्टे, सामानाच्या गाड्यांच्या रांगा आणि स्वच्छतागृहाकडे नेणारे बाण. माझे बाण बघून लाखो माणसं वेळेत पोचली, पण एकानेही मागे वळून आभार मानले नाहीत. घाईत असतात बिचारी.

तर झेंडा असा. आकाशी कापड. उंचीचे वीस भाग करायचे, त्याच मापाचे लांबीला तीस. मध्ये गडद निळं वर्तुळ, दहा भाग व्यासाचं, आणि वर्तुळात दोन पांढरे पंख. पंख कसे काढले ते ऐक. कंपासचं माप न बदलता आपण वर्तुळात सहा पाकळ्यांचं फूल काढायचो, आठवतं? मी ते भिंतीवर काढलं आणि मार तू खाल्लास. त्या फुलातल्या डावी-उजवीकडे वर झेपावणाऱ्या दोन पाकळ्या ठेवल्या, बाकीच्या चार खोडल्या. झाले पंख. समितीला मी हे सांगितलं नाही. त्यांना वाटतंय मी महिनाभर हवेचा अभ्यास केला.

वर्तुळाचं केंद्र कुठे, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन तिरक्या रेषा ओढायच्या आणि त्या छेदतील तिथे कंपासचं टोक टेकवायचं. अगदी मधोमध. केसाचाही फरक नाही.

आता कामाचं. नमुन्याचा एकच झेंडा शिवायचाय आणि एका झेंड्यासाठी कोणताच मोठा कारखाना दारात उभं करत नाही. साहेबांनी विचारलं, “ओळखीचं कोणी आहे का?” मी तुझं नाव सांगितलं. बहीण आहे हेही सांगितलं, म्हणजे नंतर बोंब नको. शिवशील? नमुना खांबावर चढवून समिती पाहणार आहे. पसंत पडला तर साहेब मला निवृत्तीनंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवून घेतील. म्हणजे क्वार्टरही राहील. नाही पडला तर जूनअखेर कंपास पेटीत, पेटी पिशवीत आणि पिशवीसकट मी रस्त्यावर. तेव्हा टाका जपून घाल.

तुझा,
फूटपट्टी


९ फेब्रुवारी

चिरंजीव फूटपट्टीला,

तोंडातली टाचणी काढून आशीर्वाद.

झेंडा शिवते. न शिवून सांगते कोणाला? तुझं चित्र दुकानातल्या मशीनवालीला दाखवलं. ती म्हणाली, “मिशा छान आहेत.” मी तिला ते पंख आहेत असं सांगितलं. तिने कागद थोडा लांब धरला आणि म्हणाली, “हो का.” तू मनाला लावून घेऊ नकोस, ती माझ्या बिनबाह्यांच्या झग्यालाही गाडीचं आवरण समजली होती. म्हणजे मी शिवते तेच, त्यामुळे तिची चूक नाही.

आम्ही दोघी ताडपत्र्या, दुकानांची छपरं आणि गाड्यांची आवरणं शिवतो. लोक माझ्या कामाकडे बघतात ते फक्त ऊन लागल्यावर किंवा गळायला लागल्यावर. झेंड्याकडे माणसं उगाचच मान वर करून बघतात. तेव्हा खरं सांगायचं तर मलाही आनंद झालाय, फक्त तो तुला कळू द्यायचा नव्हता.

एक गोष्ट मात्र ऐक. मागे मी पेट्रोल पंपासाठी असाच झेंडा शिवला होता, मधोमध गोल. चढवला आणि मालक धावत आला, की गोल बाहेरच्या बाजूला घसरलाय. मी जाऊन बघितलं तर खरंच तसं दिसत होतं. खांबाकडचं कापड ताठ राहतं आणि मोकळं टोक सारखं दुमडतं, लाटा घेतं. मग लांबी तिकडून खाल्ली जाते आणि मधला गोल काठावर गेल्यासारखा वाटतो. तुझं वर्तुळ खांबाकडे जरा सरकव. नमुना दोन मीटर उंच, तीन मीटर लांब ना? मग वीतभर पुरे. तुझ्या भूमितीला एवढं चालेल का बघ.

दुसरं. वरची खोली रिकामीच आहे. एक भाडेकरू विचारून गेलाय, चांगला माणूस वाटतो, पण मी त्याला थांबवून ठेवलंय. तुझी ती सल्लागारी झाली तर झाली, नाही झाली तर इथे ये. खोलीला पूर्वेची खिडकी आहे आणि तुझं टेबल मावेल. लवकर कळव, तो माणूस घाई करतोय.

ताई


१८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस,

मिशा तर मिशा. मशीनवालीला माझा नमस्कार सांग आणि तिचं मत समितीपर्यंत पोचू देऊ नकोस.

वर्तुळ सरकवण्याबद्दल: ताई, मी तुझ्या अनुभवाचा मान ठेवतो, पण कापड फडफडतं म्हणून भूमिती जागची हलत नाही. मधोमध म्हणजे मधोमध. उद्या कोणी कागदावर पट्टी लावून पाहिलं तर मी काय सांगू, पेट्रोल पंपाचा मालक धावत आला होता म्हणून? छपराची गोष्ट वेगळी, हा खात्याचा झेंडा आहे. तू याच्यात पडू नकोस.

हे वाक्य लिहून मी तीनदा वाचलं आणि फारच भारदस्त वाटलं, म्हणून तसंच ठेवलं.

खोलीचं म्हणशील तर भाडेकरूला देऊन टाक. मला सल्लागारी मिळणारच आहे. आणि न मिळाली तरी बहिणीच्या डोक्यावर जाऊन बसणारा म्हातारा भाऊ, हे चित्र मला काढता येत नाही. मला फक्त बाण काढता येतात.

झेंड्याचा पूर्ण मापाचा कागद लवकरच पाठवतो. त्यावरून कापलंस की झालं, भागाकार करत बसायला नको.

तुझा,
फूटपट्टी


२ मार्च

तीर्थस्वरूप ताईस,

घाईत लिहितोय. कागदाची गुंडाळी आजच रवाना केली. वर्तुळाच्या केंद्राला कंपासच्या टोकाने भोक पाडलंय, त्याला लाल खूण आहे. तिथेच केंद्र धर. पुन्हा मोजत बसू नकोस, मी सगळं नीट मोजलंय.

बाकी ठीक. सर्दीने नाक गळतंय. आमच्या कचेरीच्या गच्चीवर वारा फार असतो.

फूटपट्टी


२० मार्च

चिरंजीव फूटपट्टीला,

गुंडाळी मिळाली. पोस्टमनने ती खांद्यावर आणली आणि विचारलं, “सतरंजी मागवलीत का?” 

झेंडा शिवून झाला. तू म्हणालास तसाच, भूमितीपुढे मी कोण. माझ्या टेबलावर तुझा अर्धा कागद मावतो आणि अर्धा लोंबतो, त्यामुळे एकदा डावं अंग, एकदा उजवं असं करत कापड कापलं. तुझं ते खात्याचं वर्तुळ म्हणजे माझ्या भाषेत ठिगळ. पण दोन्ही बाजूंनी एकावर एक तंतोतंत बसणारं ठिगळ, ते कोणाला सांगून कळत नाही. पाकळ्यांच्या टोकांनी माझा जीव खाल्ला. तिथे तीन कापडं एकाच ठिकाणी येतात आणि सुई बिचकते. तीनदा उसवलं. मशीनवाली म्हणाली, “बाई, छपराला एवढं कोणी करत नाही.” मी म्हटलं, छप्पर माझा भाऊ काढत नाही.

खांबाकडच्या कडेला दोरीसाठी जाड पट्टीची खोळ घातली आहे, ती मापात धरलेली नाही, वेगळी जोडली. नाहीतर म्हणशील, ताईने झेंडा लांबवला.

गच्चीवर काय करतोस इतक्या वाऱ्यात? मफलर बांध.

भाडेकरू अजून थांबलाय.

ताई


११ एप्रिल

ताई,

आज नमस्कार सरळ रेषेत.

काल झेंडा चढवला. समिती खाली उभी, साहेबांच्या हातात दोरी, आणि मी मागे, इस्त्रीचा शर्ट घालून. वारा मस्त होता. झेंडा उघडला. वर्तुळ खांबाला जाऊन बिलगलेलं. मोकळ्या बाजूला आकाशी कापडाचं नुसतं मैदान. पायलट म्हणाला, “हे खांबामागे लपतंय का?” हवामानवाला म्हणाला, त्या रिकाम्या जागेत ढग छान बसेल. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं स्वच्छतागृहाचा बाण मी चुकून कॅन्टीनकडे वळवलाय.

अध्यक्षबाई नव्हत्या, त्या दौऱ्यावर आहेत. त्या येईपर्यंत झेंडा खांबावरच ठेवायचं ठरलं, म्हणजे येणारे-जाणारे सगळे तो बघणार. आजच दोन सामानवाले खाली उभे राहून हसत होते. माझ्याकडे बघून हसत नव्हते, त्यांना मी कोण ते माहीत नाही, एवढाच काय तो दिलासा.

काल संध्याकाळी झेंडा उतरवला तेव्हा मी पट्टी लावली. केंद्र मधापासून चार भाग खांबाकडे आहे. चार. चाळीस सेंटीमीटर. ही टाक्याची चूक नव्हे ताई, हात घसरून एवढं घसरत नाही. मी भोक पाडून दिलं होतं, लाल खूण केली होती, मोजू नकोस म्हणून लिहिलं होतं.

रागावून लिहितोय ते कळतंय मला, तरी लिहितो. झेंडा पडला की सल्लागारी गेली, सल्लागारी गेली की क्वार्टर गेलं, आणि क्वार्टर गेलं की मी तुझ्या वरच्या खोलीत. तुला हेच हवं होतं का? असं मनात यायला नको होतं, पण आलं. तुला मी माळ्यावर ठेवायला हवा असेन तर सरळ सांगायचंस. माझ्या एवढ्या एका कामाला हात लावायला नको होतास.

मला आयुष्यात एकच गोष्ट अशी काढायला मिळाली, जिच्याकडे माणसं मान वर करून बघणार होती. बघतायत खरी.

भाऊ


१६ एप्रिल

चिरंजीव,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग राग आला, मग पट्टी काढली. पट्टी काढली ते बरं झालं.

हो, मी सरकवलं. तुझ्या लाल खुणेपासून वीतभर, खांबाकडे. तू ऐकणार नव्हतास आणि मला तुझं हसं झालेलं चालणार नव्हतं. म्हटलं, वाऱ्यात बरोबर मधोमध दिसेल, सगळे वा म्हणतील, तुला कधी कळणारही नाही आणि तुझी मान ताठ राहील. तुला न सांगता केलं, हे चुकलं. त्याची माफी मागते.

पण आता ऐक. माझी वीत म्हणजे वीस सेंटीमीटर, जरा जास्तच. तुझ्या हिशेबाने ते दोन भाग होतात. तू लिहितोस चार. मग उरलेले दोन कोणाचे?

तुझा कागद मी मोजला नाही. तुझं माप पुन्हा मोजायचं माझ्या मनातच येत नाही, लहानपणापासून आलेलं नाही. शिवून झाल्यावर जमिनीवर अंथरला तेव्हा मशीनवाली म्हणाली, “बाई, जरा जास्तच झालंय.” मी तिला म्हटलं, माझा भाऊ मोजतो तेव्हा केसाचा फरक नसतो, फरक आहे तो माझ्या वितीचा, आणि तो वारा खाऊन टाकेल. गुंडाळी मी ठेवली आहे. आज ती उघडून दोघींनी दोन टोकं धरली आणि पट्टी लावली. लाल खूण मधोमध नाही, बाळा. दोन भाग खांबाकडे आहे.

गच्चीवर काय करत होतास रे?

राहिलं खोलीचं. भाडेकरू कोणी नाही. कोणी विचारायला आलेलं नाही, मी रचला त्याला. तू लवकर हो म्हणावंस म्हणून. ‘ये’ असं सरळ म्हटलं तर तू भारदस्त काहीतरी लिहिणार हे माहीत होतं. तुझं मला ओझं नाही. दुकान बंद करून वर जाते तेव्हा कोणाशी भांडावं असं कोणी नसतं, हे मला आवडत नाही. तू मला हवा आहेस, एवढंच आहे. पण त्यासाठी तुझा झेंडा मी बिघडवीन, असं तुला वाटलं ते मला लागलं. तो नीट झाला तर तू इथे येणार नाहीस हे माहीत असूनही पाकळ्यांची टोकं मी तीनदा उसवली आहेत.

ताई


२५ एप्रिल

तीर्थस्वरूप ताईस,

आज नमस्कार नव्वद अंशांच्याही खाली, जमिनीला टेकून. उठताना कंबर धरली, तरी नमस्कार तसाच धर.

उरलेले दोन भाग माझे.

तुला ते भारदस्त पत्र टाकून आलो आणि चैन पडेना. तू पेट्रोल पंपाबद्दल लिहिलंस ते डोक्यातून जाईना. शेवटी तू मला दिलेली पांढरी चादर घेतली, जेवणाचं ताट ठेवून तिच्यावर शाईने गोल काढला, अगदी मधोमध, आणि कचेरीच्या गच्चीवर गेलो. तिथे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी असते, तिच्या खांबाला चादर बांधली आणि खाली जाऊन बघत उभा राहिलो. गोल बाहेर घसरलेला. तू म्हणालीस तसाच. मी वर गेलो, गोलावर फुली मारून दुसरा अलीकडे काढला, खाली आलो, पुन्हा वर गेलो. सर्दी तिथली. एकदा टॉवरमधून हवामानवाल्याला फोन आला, की तुमच्या नळीला काय झालंय. तो वर आला, मला चादरीखाली बघितलं आणि आल्या पावली परत गेला. तेव्हापासून झेंडा चढेपर्यंत त्याने मला ढगाचा आग्रह केला नाही.

मग तुला लिहायला हवं होतं, की ताई, तुझं बरोबर होतं. हे एवढं एक वाक्य. ते काही लिहवेना. ‘तू याच्यात पडू नकोस’ असं लिहून बसलेला माणूस मी. म्हणून गुपचूप केंद्र दोन भाग सरकवलं, भोक पाडलं आणि मोजू नकोस म्हणून दम दिला. म्हटलं, तुला वाटेल मधोमधच आहे, झेंडा छान दिसेल आणि माझी भूमितीही शाबूत राहील. तू माझी मान ताठ ठेवायला सरकवलंस आणि मी माझी मान ताठ ठेवायला सरकवलं. आणि वर तुझ्यावरच आळ घेतला. चार भाग मोजले तेव्हा दोन माझे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी पत्रात चारही तुझ्या माथी मारले. याच्याइतकं लाजिरवाणं मी काही काढलं नव्हतं, आणि मी स्वच्छतागृहांचे बाण काढलेत.

आता पुढचं. अध्यक्षबाई सोमवारी आल्या. त्या दिवशी वाऱ्याचं नाव नव्हतं. सकाळपासून पान हलत नव्हतं. विमानतळाचा झेंडा वाळत घातलेल्या टॉवेलसारखा लटकत होता, त्यावर काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. आपला झेंडाही लटकत होता. पण ताई, मोकळं टोक सगळं घडीत गेलं तरी खांबाजवळचं कापड उघडं राहतं ना, आणि तिथेच आपलं वर्तुळ. निळा गोल आणि एक पाकळी स्वच्छ दिसत होती. अध्यक्षबाई गाडीतून उतरल्या, वर बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वारा नसतानाही ओळखू येतो हा. मुद्दाम केलंय का?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी म्हटलं, “मुद्दामच केलंय, पण दोघांनी, आणि एकमेकांना न सांगता.” मग सगळं सांगितलं. चादर, ताट, वीत, लाल खूण. पायलट खांबाला धरून हसला. अध्यक्षबाईही हसल्या, पण पुढे म्हणाल्या, “आहे तसाच राहू दे. याचा रचनेचा कागद नीट करून द्या.”

म्हणजे झेंडा पास झाला. आपली चूक आता सरकारी आहे, तिच्यात बदल करायला समिती लागेल.

आज तो कागद केला. वीस भाग, तीस भाग, दहाचा व्यास, सगळं आलं. केंद्राची जागा दाखवताना मधल्या रेषेपासून चार भाग असा एकच बाण काढला असता तर पुरलं असतं. मी दोन काढले. मधल्या रेषेपासून दोन भाग, आणि तिथून पुढे दोन भाग. साहेब म्हणाले, “सरळ चार लिहा की.” मी म्हटलं, “रचनेच्या दृष्टीने ते वेगळे आहेत.” त्यांनी सही केली. पुढे कधी कोणी हा झेंडा काढायला बसलं तर त्याला पहिले दोन भाग माझ्याकडून मोजावे लागतील आणि दुसरे दोन तुझ्याकडून, आणि त्याला काही केल्या कळणार नाही की हे असं का.

सल्लागारीचं साहेबांनी स्वतःहून विचारलं. दोन वर्षं, क्वार्टरसकट. मी नाही म्हणालो. हे मी तुझ्यावर उपकार म्हणून केलं असं समजू नकोस. इथेही संध्याकाळी भांडायला कोणी नसतं. मी ते तुला आजवर लिहिलं नव्हतं, कारण तसं लिहिलं की यावं लागलं असतं, आणि तू बोलावतेस ती कीव करून, असं मी धरून बसलो होतो. मोजायचं सोडून सगळं मोजत बसलो.

भाडेकरूला सांग, खोली दिली. जूनअखेर येतोय, टेबलासकट. मशीनवालीला विचारून ठेव, तिला गाडीच्या आवरणावर पंख चालतील का.

तुझा,
फूटपट्टी


२ मे

चिरंजीव फूटपट्टीला,

भाडेकरूला निरोप दिला. नाइलाजाने तयार झाला.

मशीनवाली म्हणते पंख चालतील, मिशा नकोत. तिला मी झेंडा पास झाल्याचं सांगितलं तर ती म्हणाली, “पण जास्त झालं होतंच ना, बाई.” आता दिवसभर तोऱ्यात आहे.

खोली झाडून ठेवली. पलंग खिडकीजवळ सरकवावा असं माझ्या मनात होतं, पण हात लावला नाही. तुझ्याही मनात काही असेल, आणि तू न सांगता आणखी सरकवलास तर पलंग खिडकीबाहेर जायचा. आलास की ठरवू.

टेबल आण, कंपास आण, भांडी आणू नकोस, इथे आहेत. ती चादर मात्र टाकून देऊ नकोस. शाई निघणार नाही हे मला माहीत आहे, निघायला नकोच आहे. कडा उसवल्या असतील तर शिवून देते. पलंगावर तीच घालू. एक टोक तू धर, एक मी धरते, आणि गोल कुठे येतो ते दोघं मिळून बघू.

ताई